बांडीची पणती

नवेगाव बांध,
ता. १८ जून २०१२

चि. रचना हिस,

सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. तुझी खुशाली तुझ्या आईच्या फोनवरून कळत असते. म्हणजे ती मला सांगत नाही, अंगणात जाऊन बोलते. पण तिचा आवाज तुला माहीतच आहे, तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तरी ऐकू येतो.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या घोड्यांचा अहवाल तुला देणे बाकी आहे. तू इथून गेलीस त्याला दोन वर्षे झाली. कॉम्प्युटर तुझ्याच खोलीत आहे आणि त्यातला तुझा तो शर्यतीचा खेळही चालू आहे. साठ दिवस कोणी उघडला नाही तर तबेला बंद होतो आणि सगळे घोडे बाजारात जातात, असा त्या खेळाचा नियम आहे. मुक्या जनावरांचे हाल होऊ नयेत एवढ्याच हेतूने मी तो चालवत आहे. पासवर्ड तू माझ्या जुन्या रेतन नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होतास. सरकारी नोंदवहीत असं खासगी काही लिहू नये, हे तुला तेव्हाही सांगितलं होतं.

तू गेलीस तेव्हा 'नवेगाव तबेला' सातशे बाराव्या क्रमांकावर होता. आज दोनशे चाळिसावर आहे. यात माझी हुशारी नाही, शिस्त आहे. तुझ्या चुका सांगतो, राग मानू नको. एक तर तू दोन वर्षांचं शिंगरू लगेच पळवायचीस. खेळ पळवू देतो म्हणून पळवायचं असं नसतं. हाडं भरू द्यावी लागतात. मी साडेतीन वर्षांआधी कोणालाच मैदानात उतरवत नाही. आपल्या दोन महिन्यांत त्यांचं एक वर्ष होतं, म्हणजे सात महिने नुसता चारा घालून वाट पाहायची. तुझ्यात तो धीर नाही, त्यात तू तुझ्या आईवर गेली आहेस. दुसरं म्हणजे, आईने लांब पल्ल्याची शर्यत मारली असेल तर तिच्या पोरांना आखूड पल्ल्यात घुसवून मार खायला लावू नये. आणि शर्यतीनंतर तीन दिवस सुट्टी. माणसालाही लागते.

मी रीतसर नोंदवही ठेवली आहे. मादीचा क्रमांक, माजाची तारीख, नराचा क्रमांक, गाभण तपासणी. सायकलला रेतनाचं नळकांडं बांधून एकतीस वर्षं गावोगाव गाई भरवल्या, तेव्हा रकाने होते तेच. तुझी आई येता-जाता म्हणते, "गाई सुटल्या तं आता कॉम्प्युटरच्या घोड्या भरवून राहिले." म्हणू दे.

आणखी एक. ती हल्ली जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत आहे, लहान मापाच्या. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण मला तेवढं समजतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत आहे. रीत आहे म्हणून लिहितो. खोली रिकामी आहे. कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकवता येईल. खिडकीला जाळी बसवून घेतली आहे, डास येत नाहीत.

कळावे.

गुलाब रा. मेश्राम
सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ता.क. तुझ्या बांडी घोडीबद्दल तू विचारशील. तिच्याबद्दल पुढे कधी लिहीन.


नवेगाव बांध,
ता. ९ सप्टेंबर २०१२

चि. रचना,

जय भीम.

तू माझं पत्र परत पाठवलंस. शालीकराम पोस्टमनने ते ओट्यावर आणून दिलं. पाकिटावर लाल शाईत काही लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. वाचायचं काय त्यात? खणात टाकलं आणि खण लावून घेतला. नको तर नको. गुलाब मेश्राम आजवर कोणाच्या दारात उभा राहिला नाही.

तरी लिहितो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती पोटात ठेवून झोप लागत नाही.

बांडी गेली. मागच्या नोव्हेंबरात तिला अठरावं लागलं. अठरानंतर घोडी गाभण राहत नाही, असा खेळाचा नियम आहे. तबेल्यात जागा बाराच. भाकड जनावराने जागा अडवली की तरण्याला उभं करायला ठिकाण राहत नाही, हे मी सगळ्या गावांना सांगत आलो, मग घरच्याला वेगळा नियम कसा लावू? म्हणून मी तिला सोडून दिलं. 'रिलीज' म्हणून बटण आहे. दाबलं की जनावर यादीतून जातं आणि पुन्हा येत नाही.

ती तुझी पहिली घोडी होती, मला ठाऊक आहे. बाजारात कोणी घेत नव्हतं, तू घेतलीस. पांढऱ्या अंगावर तपकिरी धब्बे. अशा गाईला आपण बांडी म्हणतो म्हणून तूही तेच नाव ठेवलंस, आणि त्या खेळातल्या देशोदेशीच्या लोकांना ते म्हणता येईना. दिसायला ध्यान, पण काय दम होता तिच्यात! चोवीसशे मीटरची ती शर्यत, सगळ्यांत मागे होती, आणि शेवटच्या वळणावर एकेकाला मागे टाकत गेली. तू उडी मारलीस आणि माझा चहा नोंदवहीवर सांडला. डाग अजून आहे. मी तेव्हा ओरडलो होतो. ओरडायला नको होतं.

तिची एक पोर तू फिनलंडच्या एका बाईला विकली होतीस, आठवते? मी ती शोधली. पोर म्हातारी झाली होती, पण तिला एक मुलगी होती. म्हणजे बांडीची नात. मी त्या बाईला रीतसर अर्ज लिहिला. विषय: नात परत मिळणेबाबत. रिस्पेक्टेड मॅडमपासून युवर्स फेथफुलीपर्यंत पाऊण पान झालं. तिचं उत्तर आलं एका ओळीचं, त्यात एक हसरं तोंड. घोडी तिने तशीच देऊन टाकली. परदेशातले लोक बरे असतात.

आता माझी चूक सांगतो. एवढी वर्षं नोकरी करून माणूस असा बावळटपणा करतो, हे कोणाला सांगू नकोस. मी डोक्यात एकच घेतलं होतं, बांडी जशीच्या तशी परत आणायची. तिचं रक्त वाढवत न्यायचं, अर्धं, पाऊण, पाऊणाच्या वर, जसं आपण गावठी गाईचं करायचो. म्हणून मी त्या नातीला बांडीच्याच मुलाकडे दिलं. दोघं एका घरचे. खेळाने लाल खूण दाखवली. मी म्हटलं, मला काय शिकवतो! शिंगरू झालं, अंगावर धब्बेही आले, पण पुढचे पाय कच्चे. पहिल्याच शर्यतीत बसलं. दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यांना मी काय शिव्या द्यायचो, "घरचाच गोऱ्हा घरच्याच कालवडीले लावता, अक्कल हाय का?" तेच मी केलं. ते शिंगरू पाहून दोन दिवस मी तुझ्या खोलीत गेलोच नाही.

बाहेरचं रक्त पाहिजे हे तर उघड आहे. परवा नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, पासवर्डच्या खाली, तुझ्या अक्षरातली एक ओळ दिसली. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. "बांडीच्या वंशाला तूफान, दवनीवाडा. हिचा दम, त्याचा वेग." दवनीवाडा तबेला कोणाचा आहे हे मला माहीत आहे. तो विषय माझ्याकडे निघणार नाही.

धानाची रोवणी झाली. पाऊस बरा आहे. तुझी आई गुडघ्याला तेल लावते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.

खोलीबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते तू वाचलंच नसशील. पुन्हा लिहीत नाही.

गु. रा. मेश्राम


नवेगाव बांध,
ता. ११ डिसेंबर २०१२

रचना, बेटा,

जय भीम. यावेळी अहवाल नाही. सोबत दोन जुनी पत्रं आहेत, न फोडलेली. ती आधी वाच, मग हे वाच. त्यांतल्या एकात मी खोटं लिहिलं आहे. फाडून नवीन लिहिता आलं असतं, पण मग मी तुला आणखी एकदा फसवल्यासारखं झालं असतं.

तुझी आई आठ नोव्हेंबरला कोहमाऱ्याहून नागपूरच्या गाडीत बसली, गोधड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. मी स्टँडपर्यंत गेलो. म्हटलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "पोरीचं बाळंतपण माहेरी होत नाई, तं माहेरानं तिकडं जावं लागते. तुमचे घोडे आहेत ना, राहा त्यायच्याजवळ." आणि खिडकीची काच ओढून घेतली. निर्मलाबाईचं बोलणं तुला माहीत आहे. पण यावेळी ती रागावलेली नव्हती गं, थकलेली होती.

तेव्हापासून मी एकटा आहे. भात लावतो, कधी दोन वेळचा एकदाच. मासोळी आणावीशी वाटत नाही, एकट्यासाठी कोण साफ करते? सकाळी पाळीवर जातो, लोक विचारतात, "बाई कुठं गेल्या?" मी म्हणतो, नागपूरला. "पोरीकडं काय?" मी म्हणतो, हव. पुढचं ते विचारत नाहीत, आणि विचारत नाहीत हेच जास्त लागते. कधी कधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. मग संध्याकाळी तुझ्या खोलीत बसून घोड्यांची नावं मोठ्यानं वाचतो.

एकोणतीस तारखेला फोन वाजला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दूध उतू जाऊन राहिलं, ठेवते." झालं. मी 'अरे वा' म्हणायला तोंड उघडलं तोवर फोन बंद. रिसीव्हर हातात घेऊन उभा राहिलो. घरात कोणी नाही. आजोबा झालो हे सांगायचं कोणाला? बाहेर आलो तर शालीकराम सायकल टेकवून शेजाऱ्याची मनीऑर्डर देत होता. त्यालाच बोलावलं, हातावर साखर ठेवली. डबा शोधायलाच दहा मिनिटं लागली, तुझी आई कुठं काय ठेवते मला माहीत नाही.

तो म्हणाला, "मंग डाक्टर साहेब, जाऊन नाई राहिले काय?"

मी म्हटलं, "कसा जाऊ? दोन पत्रं पाठवली, दोनदा परत केली पोरीनं."

शालीकराम ओट्यावर चढून आला. साखर तशीच हातात. मग म्हणाला, "पोरीनं? साहेब, लाल शाईत काय लिवलं ते तं वाचा. आना बरं इकडं."

मी खण उघडला. दोन्ही पाकिटांवर एकच शेरा होता. 'या नावाचे येथे कोणी राहत नाही.'

"तुमी नाव कोणतं टाकलं पाहा," शालीकराम म्हणाला. "कुमारी रचना गुलाब मेश्राम. तिकडं पाटीवर काय आहे? मोठी बिल्डिंग असन, वॉचमननं पाहिलं असन, नाई म्हटलं असन. पोस्टमनचा काय दोष? नाव काऊन चुकीचं लिवता?"

मी म्हटलं, "चुकीचं नाही. मी ठेवलेलं नाव आहे ते."

"हव," तो म्हणाला. "पण आता ती त्या नावानं राहत नाई ना बाप्पा."

साखर तोंडात टाकून तो निघून गेला. मी ओट्यावर बसून राहिलो. इतके महिने मी तुझ्यावर रुसलो होतो रचना, आणि तुला पत्र मिळालंच नव्हतं. लग्न झालेल्या पोरीला कुमारी लिहिणारा मी. शिकलेला माणूस, चौदा एप्रिलला विहारात माइक धरून जात मोडली पाहिजे म्हणणारा माणूस. माझा हात दुसरं नाव लिहायला वळलाच नाही, आणि त्या हट्टापायी तू बाळंतपणाला घरी आली नाहीस. तुला बोलावलंय हेच तुला कळलं नाही.

आता खोटं कोणतं ते सांगतो. बांडी म्हातारी होऊन गेली नाही. नोव्हेंबरात नाही, भाकड म्हणून नाही. ती नऊ वर्षांची होती. ऐन भरात होती.

तो मे महिन्याचा दिवस तुला आठवत असेलच. ते तुझा हात मागायला एकटे आले होते. आपल्या घरचं पाणी मागून प्याले, दोन पेले, आणि खुर्चीवर सरळ बसून माझ्याकडे पाहून बोलले. मी विचारलं, "तुमच्या आईच्या चुलीजवळ माझ्या पोरीला जागा आहे काय?" त्यांनी खोटं बोलायला पाहिजे होतं. बोलले असते तर मी कदाचित मानलं असतं. पण ते म्हणाले, "आज नाही, काका. उद्या होईल. तोपर्यंत आम्ही नागपूरला राहू." त्या खरेपणानंच माझं डोकं फिरलं. माझ्या आईनं दुसऱ्यांच्या अंगणात दुरून ओंजळीत पाणी घेतलेलं मी पाहिलं आहे. माझ्या पोरीनं 'उद्या'ची वाट पाहत कोणाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं? हे मी तुला असं सांगायला पाहिजे होतं. सांगितलं काय? "जिथं तुझ्या हातचं पाणी चालत नाही तिथं चालली, तर या घरचंही पाणी तुला चालणार नाही." तू विचारलंस, "बाबा, खरंच म्हणता?" मी हो म्हटलं. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा हो म्हटलं.

तू गेल्यावर मी तुझ्या खोलीत गेलो. कॉम्प्युटर चालूच होता, तू बंद करायला विसरली होतीस. बांडी समोर होती. मी ते बटण दाबलं. खेळानं विचारलं, खात्री आहे काय. मी हो दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा हो दाबलं. ती तुझी होती म्हणून, आणखी काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाही न घेता तिला शोधत बसलो. यादीत नाही, बाजारात नाही. खेळाच्या मालकाला पत्र लिहिलं, त्यांनी कळवलं, गेलेलं जनावर परत करता येत नाही. मुक्या जनावरांचे हाल वगैरे मी पहिल्या पत्रात लिहिलं ना, ते सगळं सोंग. मी अडीच वर्षं तुझ्या खोलीत बसून फक्त ती एक घोडी परत आणून राहिलो.

आणि रोज पासवर्ड टाकताना एकेक अक्षर जपून दाबतो. वाटते, आज उघडणार नाही, आज तू बदलला असशील. रोज उघडते. तू बदलला नाहीस. यावरून मी मनाशी काय काय ठरवून ठेवलं आहे ते लिहीत नाही, चुकीचं निघालं तर सहन होणार नाही.

दुसरं पत्र परत आलं तेव्हा ऑक्टोबर लागला होता. त्या दिवशी मी दवनीवाडा तबेला उघडून पाहिला. नुसता पाहायला म्हणून. तूफान एकोणीस वर्षांचा झाला होता. नर विसाव्यापर्यंतच चालतो, म्हणजे जेमतेम पाच आठवडे उरले होते. तुझी ती ओळ समोर होती, हिचा दम, त्याचा वेग. एक पशुधन पर्यवेक्षक म्हणून सांगतो, जोडी तू बरोबर काढली होतीस. कुठंही एक नातं नाही, लाल खूण नाही, तिची कमी तो भरतो, त्याची ती. मी अडीच वर्षं जगभर नर शोधले, आणि तो आपल्याच जिल्ह्यात होता.

मागणी पाठवली. तिथं दोन शब्द लिहायची जागा असते. चारदा लिहून खोडलं. पोरीची खुशाली विचारायची ती घोड्याच्या अर्जात कशी विचारू? शेवटी लिहिलं, 'घोडी निरोगी आहे.' कॉम्प्युटर बंद करून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. मंजूर. फी शून्य. आणि खाली लिहिलं होतं, 'बांडीच्या घरची आहे, फी कायची काका.'

काका. म्हणजे तबेला कोण चालवते हे त्यांना माहीत होतं. मग तुलाही माहीत असणार. बाप तुझ्या खोलीत बसून काय करते हे तुम्ही दोघं तिकडून पाहून राहिले होते आणि बोलले नाहीत. त्या पोरानं अडीच वर्षांत एकदाही मला टोचून बोलायची संधी घेतली नाही. मी त्याच्या जागी असतो तर घेतली असती.

परवा शिंगरू झालं. मादी आहे. अंग पांढरं, डाव्या खांद्यावर तपकिरी धब्बा, थेट बांडीचा. दमाचा आकडा बांडीपेक्षा वर आहे आणि वेग तूफानचा. पाय बघ असे! मी खुर्चीतून उठून ओरडलो, "अगं ऐकलं काय, झाली!" आणि घरात कोणी नव्हतं. रडलो. लपवत नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, समोर चित्रातलं शिंगरू, आणि रडून राहिला.

आता तू म्हणशील, बाबा घोड्याची गोष्ट सांगून माणसाची सांगून राहिले. नाही बेटा. माणसं जनावरासारखी जोखू नये, हे भाषणात मीच सांगायचो. मला एवढंच कळलं की मी जिथं जाणार नाही म्हटलं होतं तिथूनच मला पाहिजे ते मिळालं, आणि देणाऱ्यानं माझ्याकडून काही मागितलं नाही.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणे, तुझ्या सासूबाई सुमित्राबाई दवनीवाड्याहून आल्या, आठ दिवसांपासून तिथंच आहेत. म्हणे, दोघी एकाच गॅसवर स्वयंपाक करतात, आणि मिठावरून भांडतात. म्हणे, तू उठून चहा ठेवला, तो सुमित्राबाईनं प्याला आणि साखर कमी आहे म्हणाल्या. मी फोन कानाला धरून ऐकत राहिलो. ज्या चुलीची मी तुला भीती घातली होती, तिथला उद्या आला रचना. त्या पोरानं सांगितला होता तसाच आला. आता त्या घरात पाय न ठेवलेला एकटा मीच उरलो.

शिंगराचं नाव मी ठेवलं नाही. एकवीस दिवसांत ठेवलं नाही तर खेळ नुसता नंबर देतो. नाव तू ठेव. पासवर्ड तोच आहे.

पाहायला मला शिंगरू पाहिजे नाही. मला माझी नात पाहायची आहे. तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा आहे, आणि जमलं तर तुझ्या घरचं पाणी मागून प्यायचं आहे, दोन पेले. त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलो. हो म्हटलं ते दोन्ही वेळा चुकलो. तुझ्या आईला सांगू नको असं मी म्हणणार होतो, पण सांग, तिला सांग.

शालीकराम ओट्यावर बसला आहे, पत्र पुरं व्हायची वाट पाहत. म्हटलं, आधी पत्ता वाचून दाखव. त्यानं मोठ्यानं वाचला, "आयुष्मती रचना हिमांशू बिसेन." मग पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आता जाते बराबर, साहेब."

जावईबापूंना जय भीम सांग. त्यांचं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं, अक्षर थोडं वाकडं आलं आहे.

कोहमाऱ्याहून सकाळी साडेसहाची गाडी आहे. पिशवी भरून ठेवली आहे. तू नुसतं ये म्हण.

तुझा बाबा,
गुलाब